पोटात काही नाही तर एवढं पाणी येतं कुठून?

प्रिय आई, बाबा,

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत की धड काही खाल्लेलं नाही तर जुलाबावाटे हे एवढं पाणी येतं कुठून, आणि लगेच पुढे म्हणालात की म्हणून पाणी पिणंच बंद केलंय, प्यायलं की जातंच आहे. प्रश्न एकदम बरोबर, पण उपाय साफ उलटा. म्हणून सविस्तर लिहितेय. आई, तू वाचून दाखव, लांबलचक दिसलं की बाबा अर्ध्यातच सोडून देतात.

तर ते पाणी तुमच्या अंगातलंच असतं. एरवीसुद्धा आतड्यात रोज ८-९ लिटर पाणी उतरतं, लाळ, पाचकरस, पित्त, प्यायलेलं सगळं धरून, आणि त्यातलं जवळपास सगळं परत शोषलं जातं, शौचावाटे जेमतेम १००-२०० मिली जातं. त्यामुळे हा हिशोब थोडा जरी बिघडला तरी लिटरच्या लिटर पाणी जायला वेळ लागत नाही.

आणि हिशोब बिघडवतं ते जंतूंनी सोडलेलं विष, म्हणजे टॉक्सिन. कॉलराचंच घ्या. त्याच्या टॉक्सिनचे पाच भाग मिळून एक कडं होतं, ते आतड्याच्या पेशीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या जीएम-वन नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे ठरावीक गोष्टच चिकटू शकेल अशा जागेला, घट्ट चिकटतं. हा रिसेप्टर काही जंतूंसाठी ठेवलेला नाही हं, पेशीचाच असतो, टॉक्सिन त्याचा फायदा उठवतं. मग पेशी त्याला आत ओढून घेते, उरलेला सहावा भाग सुटा होतो आणि आतल्या एका प्रोटीनला असा काही बदलून टाकतो की ते बंदच होत नाही. दाराच्या बेलचं बटण आत रुतून बसावं आणि ती वाजतच राहावी तसं. त्या बेलवर पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढत जातो, क्लोराइड बाहेर सोडणारी वाट उघडी राहते, क्लोराइडमागे सोडियम (दोन्ही मिठातलेच घटक) आणि सोडियममागे पाणी. कॉलरा जोरात असला तर मोठ्या माणसाचं तासाला लिटरभर पाणीसुद्धा जाऊ शकतं!

बाहेरगावी गेल्यावर लागणाऱ्या जुलाबांमागे बऱ्याचदा ई. कोलाय नावाचा जंतू असतो, त्याचा एक प्रकार असंच टॉक्सिन बनवतो आणि शिवाय एक दुसरं, अगदी चिमुकलं. ते पेशीत शिरतच नाही, बाहेरच्या बाहेर ग्वानिलेट सायक्लेज-सी नावाच्या रिसेप्टरवर बसतं. हा रिसेप्टर शरीराच्या स्वतःच्या एका हार्मोनसाठी असतो, टॉक्सिन त्या हार्मोनचं सोंग घेतं. आई, तुझ्यासाठी गंमत सांगते, याच रिसेप्टरवर बसणारं लिनाक्लोटाइड नावाचं औषध आहे आणि ते चक्क बद्धकोष्ठावर देतात.

हे सगळं विषाचंच काम आहे हे कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात कॉलराचे जंतू वाढवलेला द्रव सोडला, पण जंतू गाळून काढून. आत एकही जंतू नाही, तरी तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. एवढं मोठं काम, आणि शाळेत मला त्यांचं नाव कुणी सांगितलं नाही, याचा अजून राग येतो.

आता तुमचा मुद्दा. या टॉक्सिननी आतडं फाटत नाही की सोलून निघत नाही, नुसता चुकीचा निरोप चालू राहतो. साखर आणि मीठ एकत्र आत घेणारी वाट वेगळी आहे, ती शाबूत असते. ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्यामागे जातं. ओआरएस, म्हणजे जुलाबात प्यायचं ते मीठ-साखरेचं पाणी, ते एवढंच. त्याने जुलाब लगेच थांबत नाहीत, आणि तिथेच लोक वैतागून सोडून देतात, पण जातंय त्याची भरपाई होत राहते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच पाणी ड्रममध्ये भरून लोकांना पाजलं, आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या आत आलं.

पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट घाला बाबा, अंदाजपंचे नको. साखर वाढली तर उलट तीच पाणी आतड्यात ओढते. घोट घोट घ्या, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत सुरू. वयामुळे तहान कमी लागते, म्हणून तहान लागायची वाट बघू नका.

शौचात रक्त दिसलं तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे. काही जंतूंचं शिगा टॉक्सिन जीबी-थ्री नावाच्या रिसेप्टरला धरतं, पेशीचं प्रोटीन बनवणंच बंद पाडतं आणि किडनीपर्यंत पोचतं. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी किंवा उरलेली अँटिबायोटिक आपल्या मनाने घ्यायची नाही. लघवी कमी झाली, गुंगी आली, उभं राहिलं की चक्कर आली, तरी थांबू नका. आणि बीपीच्या गोळ्यांचं आजच डॉक्टरांना विचारा, अंगातलं पाणी कमी असताना त्यातल्या काही किडनीला जड जातात. आई, विचारून झालं की मला मेसेज टाक.

तुमची लेक