युद्धकाळात प्रश्न विचारणे ही फितुरी नव्हे

महोदय,

सीमेवर तोफा धडाडल्या की सरकारला जाब विचारणारा लगेच देशद्रोही ठरतो. पलटण कुठे निघाली, तळावर किती विमाने आहेत, हे जाहीर करणे म्हणजे शत्रूला आयती वाट दाखवणे. त्यावर बंधन हवेच. पण जवानाच्या अंगावर काय आहे, हा प्रश्न वेगळा. १९६२ मध्ये चीनसमोर आपले अनेक जवान सुती गणवेशात, कॅनव्हासच्या बुटांत बर्फात उभे होते. विरोधकांनी युद्ध सुरू असतानाच संसदेचे अधिवेशन मागितले, ८ नोव्हेंबरला ते भरले आणि त्याआधीच संरक्षणमंत्री मेनन यांना पायउतार व्हावे लागले. यात देशाचे काय बिघडले?

ब्रिटनचे उदाहरण तर याहून बोलके. मे १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेचा बोजवारा उडाला, तेव्हा सत्ताधारी पक्षाचेच खासदार ॲडमिरल कीज पूर्ण गणवेशात, छातीवर पदके लावून सभागृहात आले आणि सरकारवर तुटून पडले. मतदान झाले २८१ विरुद्ध २००. सरकार जिंकले, पण दोनशेच्या वरचे बहुमत ८१ वर आल्याने दोन दिवसांत पंतप्रधान चेंबरलेन गेले, चर्चिल आले. त्याच दिवशी हिटलरने हॉलंड-बेल्जियमवर हल्ला चढवला होता.

सर्वोच्च न्यायालयानेही केदारनाथ सिंह खटल्यात, तोही १९६२ चाच, हिंसेची चिथावणी नसलेली कठोर टीका राजद्रोह नाही, असे बजावले आहे. टीकाकाराविरुद्ध पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून घेताना हा निकाल समोर ठेवावा, एवढीच मागणी आहे.

– एक वाचक