क्लार्क स्ट्रीटवरच्या बाईंना

प्रिय बाई,

सप्रेम नमस्कार.

वर्गात सगळे तुम्हाला ‘माएस्त्रा’, म्हणजे स्पॅनिशमध्ये बाई, म्हणायचे. मला साताऱ्याच्या शाळेची सवय, म्हणून मी बाईच म्हणत राहिले आणि तुम्ही त्यालाही ओ देत राहिलात. पत्र मराठीत लिहितेय, कारण मनातलं इंग्रजीत मांडायला मला अजून जड जातं. शिवाय शिकागोतल्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरच्या माझ्या भारतीय माणसांनीही ते वाचावं असं वाटतं. तुम्हाला माझी सूनबाई इंग्रजीत वाचून दाखवील.

लिहायचं बरेच दिवस मनात होतं. 2025 च्या सप्टेंबरपासून शिकागोत स्थलांतरितांची धरपकड वाढली, शेजारीपाजारी गळ्यात शिट्ट्या अडकवून एकमेकांना सावध करू लागले, तेव्हा वाटलं, आता थांबायचं नाही. तुमची संस्था, स्थलांतरितांना मदत करणारं सेंत्रो रोमेरो, आमच्या भारतीय दुकानांपासून लांब नाही. 155 नंबरच्या बसने क्लार्क स्ट्रीटला उतरलं की दक्षिणेकडे थोडं चालायचं. पण ती स्पॅनिश बोलणाऱ्यांची जागा म्हणून आमच्याकडचे बहुतेक लोक तिथून पुढे निघून जातात. तिथे काय चालतं, ते त्यांना कळायला हवं.

2019 मध्ये माझ्या नागरिकत्वाच्या अर्जाची वेळ आली. ओळखीतल्या एकाने पैसे घेऊन फॉर्म भरून द्यायचं कबूल केलं. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात मी साताऱ्याला सहा महिन्यांहून जास्त राहिले होते. तो म्हणाला, “ते लिहूच नका, कोण बघतंय!” त्याच्याकडे नोटरीचा शिक्का होता आणि आपल्याकडे नोटरी म्हणजे वकिलीत मुरलेला माणूस, त्यामुळे आमच्या घरात कुणाला शंका आली नाही. शंका आली ती वरच्या मजल्यावरच्या एल साल्वादोरच्या बाईंना. त्यांनी कागद पाहिला आणि सही करायच्या आत मला तुमच्याकडे आणलं.

तुम्ही मला घाबरवलं नाहीत, हे पहिलं. अमेरिकेतला नोटरी फक्त सही कुणाची आहे हे तपासतो, कायद्याचा सल्ला द्यायचा त्याला अधिकार नाही, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. तुमच्या लॅटिन अमेरिकेतल्या देशांतही नोटरी म्हणजे मोठा कायदेतज्ज्ञ असतो, आणि त्याच समजुतीपायी कितीतरी कुटुंबं इथे पैसे आणि केस दोन्ही गमावून बसली, असंही म्हणालात. मग कायद्याचं काम पाहणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांपुढे मला बसवलंत. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर इथलं सलग वास्तव्य तुटलं असं धरतात, पण वर्षाच्या आत परत आलेल्या माणसाला तसं नाही हे पुराव्याने दाखवता येतं, ही गोष्ट मला तिथे कळली. घरभाड्याचा करार, टॅक्सचे कागद, यांच्या नोकरीचं पत्र, सासूबाईंचे दवाखान्याचे कागद, एकेक गोळा करून आम्ही जोडलं. खरं ते सगळं लिहिलं. लपवलं असतं तर खोटं बोलल्याचा ठपका जन्मभर मागे लागला असता. अर्जाची फी तेव्हा 725 डॉलर होती. मिठाईच्या दुकानात डबे भरणाऱ्या बाईला ती झेपणारी नव्हती. उत्पन्न कमी असेल तर फी माफ करून मागता येते, त्याचाही वेगळा फॉर्म असतो, हे तुम्ही सांगेपर्यंत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पण तुमचे आभार मानायचे ते खरं तर संध्याकाळच्या वर्गासाठी.

तेव्हा परीक्षेला 100 प्रश्नांची यादी होती. त्यातले 10 विचारत आणि 6 बरोबर यावे लागत. ते पाठांतर मला जमलं, आमच्या पिढीचं सगळं शिक्षणच पाठांतरावर झालंय. अवघड होती ती फॉर्मची भाषा. तुम्ही सराईत दारुडे आहात का? तुम्ही कधी कुणाचा छळ केला आहे का? असे प्रश्न अधिकारी समोर बसून विचारतो आणि शब्द कळला नाही तर माणूस गोंधळून भलतंच उत्तर देतो. म्हणून तुम्ही टेबल मांडून अधिकारी व्हायचात, आवाज कडक करायचात आणि एकेकाला समोर बोलवायचात.

छळाच्या प्रश्नाला ग्वाटेमालाच्या आजी गप्प झाल्या, ती संध्याकाळ मी विसरणार नाही. त्यांचं गाव लष्कराने जाळलं होतं. तुम्ही यादी बाजूला ठेवलीत, त्यांच्याशेजारी जाऊन बसलात आणि बराच वेळ काहीच बोलला नाहीत. मग त्यांना म्हणालात, “तुमच्यावर काय गुदरलं ते तो विचारणार नाही. तुम्ही कुणाला दुखावलंत का, एवढंच विचारेल. नाही म्हणा, आणि ताठ मानेने म्हणा.” पुढच्या वर्गात आजींनी खणखणीत ‘नो’ म्हटलं. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. तुमचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं.

तुमच्या संस्थेचं नाव ज्यांच्यावरून ठेवलंय त्या आर्चबिशप ऑस्कर रोमेरोंबद्दल मला काही माहीत नव्हतं. 24 मार्चला तुम्ही धडा बंद ठेवून ते सांगितलंत. गरिबांवरचा अत्याचार थांबवा, असं त्यांनी प्रवचनात सैनिकांना बजावलं आणि दुसऱ्याच दिवशी, 24 मार्च 1980 ला, एल साल्वादोरच्या राजधानीत, सान साल्वादोरमध्ये, प्रार्थना चालू असताना त्यांना गोळी घातली. त्यानंतरच्या यादवीत सुमारे 75,000 माणसं मेली. ती यादवी 1992 च्या जानेवारीत करार झाल्यावर थांबली. जीव वाचवून जे इथे आले त्यांतल्या शंभरात तिघांनासुद्धा त्या काळी अमेरिकेने आश्रय मंजूर केला नाही. याच शहरातल्या वेलिंग्टन अ‍ॅव्हेन्यूच्या चर्चने 1982 मध्ये त्यांना आपल्या छपराखाली घेतलं. महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांनी 1985 मध्ये आदेश काढला, की शहराच्या कर्मचाऱ्यांनी कुणाच्या कागदपत्रांची चौकशी करायची नाही. त्याच दिवसांत, 1984 मध्ये, तुमची संस्था उभी राहिली. ज्यांना कुणी आत घेत नव्हतं त्यांनी ती उभारली, आणि तिथे माझ्यासारख्या साताऱ्याच्या बाईला कुणी विचारलं नाही की तू इथे कशी.

शहरात तुमच्यासारख्या कितीतरी संस्था आहेत, हेही तुमच्यामुळेच समजलं. पिल्सन या शिकागोतल्या मेक्सिकन वस्तीत 1973 मध्ये सुरू झालेली मुहेरेस लातिनास एन आक्सिओन ही संस्था मारझोड सोसणाऱ्या बायकांच्या पाठीशी उभी आहे. 1990 मध्ये सहा चर्चांनी प्रत्येकी 5,000 डॉलर घातले आणि त्यातून रिझरेक्शन प्रोजेक्ट सुरू झाला, जो आज लोकांना परवडणारी घरं मिळवून देतो. मेक्सिकन कलेचं राष्ट्रीय संग्रहालयही पिल्सनमध्येच आहे. शिक्षकांच्या पुढाकाराने ते झालं, 1987 मध्ये उघडलं आणि आजही तिथे तिकीट नाही. वर्गातल्या मेक्सिकोच्या बायकांची ‘तांदा’ चालायची. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे घालायचे, एकीने उचलायचे. आमची भिशीच ती! मी लगेच सामील झाले.

आता माझ्या डेव्हनच्या माणसांना उद्देशून दोन शब्द. आपण इथे गणपती, दिवाळी किती प्रेमाने करतो. मला त्याचा अभिमान आहे. पण आपल्यातही गल्ल्यावर उभे राहणारे, स्वयंपाकघरात राबणारे, नातवंडं सांभाळायला आलेले आणि फॉर्म पाहून गांगरणारे लोक आहेत. त्यांच्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ, एक टेबल आणि जाणकार माणूस आपल्याला का जमू नये? आणि जोवर ते होत नाही तोवर क्लार्क स्ट्रीटला जा. फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्याच्या हातात पैसे ठेवण्याआधी तरी जा.

बाई, मी नागरिक झाले. 2020 मध्ये पहिल्यांदा मत दिलं. मुलाखतीत अधिकाऱ्याने छळाचा प्रश्न विचारला तेव्हा मला त्या आजी आठवल्या आणि मीही तशीच ‘नो’ म्हणाले.

ऑक्टोबर 2025 पासून अर्ज करणाऱ्यांसाठी यादी 128 प्रश्नांची झाली, 20 विचारतात आणि 12 बरोबर यावे लागतात, असं कळलं. म्हणजे वर्गातली तुमची प्रश्नांची जुनी कार्डं पुन्हा करावी लागणार. वर्गाला यायला लोक भीत असतील तर त्यांना घरून आणायला आणि परत सोडायला सोबत लागेल. शनिवारी आमचं दुकान लवकर सुटतं. मी आणि शेजारच्या दोघी यायला तयार आहोत. कात्री, पुठ्ठा आम्ही आणू. किती वाजता यायचं तेवढं सूनबाईला कळवा.

तुमची विद्यार्थिनी