प्रिन्सिपल मॅडम, तुमच्या शुक्रवारच्या मेलसाठी

प्रिय प्रिन्सिपल मॅडम,

पत्र मराठीत आहे, त्याबद्दल आधी सॉरी. इंग्लिशमध्ये लिहायला तीनदा बसले, तिन्ही वेळा 'थँक यू फॉर एव्हरीथिंग'च्या पुढे गाडी सरकेना, आणि मला तर नेमकं ते एव्हरीथिंगच सांगायचंय. शेवटी थोरली म्हणाली, आई तू मराठीत लिही गं, मी मॅडमना वाचून दाखवते, आणि इकडं अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटात आपले एवढे लोक दरवर्षी नवीन येतात त्यांना पण वाचू दे. म्हणून हे असं सगळ्यांसमोर.

या जूनमध्ये धाकट्याची आठवी संपली आणि त्याच आठवड्यात तुमचा रिटायरमेंटचा मेल आला. तो वाचून मी, तुम्ही शुक्रवारी पालकांना पाठवायचात ते जुने मेल शोधायला बसले. २०१८ पासूनचे सगळे आहेत, एकही डिलीट केलेला नाही. त्यातले नोव्हेंबर ते मार्चवाले मी परत वाचले, रात्री दीड वाजेपर्यंत, आणि हे दोनदा येऊन बघून गेले की ही एकटीच का हसतीय.

आम्ही ऑगस्ट २०१८ मध्ये आलो. सोलापूरहून. तुम्हाला सोलापूर म्हणजे काय ते कसं सांगू, आमच्याकडं मे महिन्यात पारा ४३ ला टेकतो आणि तो सेल्सिअसमधला ४३ असतो. थंडी म्हणजे आम्हाला डिसेंबरात पहाटे अंगावर शाल घ्यायची एवढीच माहीत. इकडं येताना पुण्यात एका मॉलमधून चौघांना जाकिटं घेतली, दुकानदार म्हणाला मॅडम अमेरिकेला चालतील. अमेरिकेला चालली असतील, मिनेसोटाला नाही चालली.

थोरली तुमच्याकडं सहावीला होती. नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी तुमचा लांबलचक मेल आला, वर एक बर्फाचं चित्र आणि खाली नुसता मजकूर. मला वाटलं फी बिची मागतायत. त्यात तुम्ही लिहिलं होतं की बोटं वेगवेगळी असलेल्या ग्लोव्हजपेक्षा मिटन घ्या, चारी बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. सुती मोजे नकोत, ओले झाले की पाय गारठतो, लोकरी घ्या. बूट एक साइज मोठे घ्या, आत हवा खेळली पाहिजे. कोटाच्या आत मार्करनं नाव टाका कारण शाळेतल्या निम्म्या पोरांचे कोट काळेच असतात. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं हो! यांच्या ऑफिसातले लोक फक्त 'इट गेट्स कोल्ड' म्हणून हसायचे. दुकानात जाऊन काय बघायचं ते तुमच्या मेलमुळं कळलं.

आणि त्याच मेलच्या शेवटी, अगदी साध्या ओळीत, की कुणाला कोट, बूट, स्नोपँट (बर्फात घालायची जाड पँट) लागत असेल तर काउन्सेलरच्या खोलीत भरपूर आहेत, मुलानं किंवा पालकांनी येऊन घेऊन जावं, कुठला फॉर्म नाही, कुणी काही विचारणार नाही.

आता हे लिहायला मला सात वर्षं लागली. त्या वर्षी आमच्या हातात पैसे नव्हते. हे एच वन बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी त्यांच्या मागून एच फोर वर आणि मला तेव्हा कामाची परवानगी नाही, अपार्टमेंटचं डिपॉझिट, जुनी गाडी, आणि सोलापुरात सासऱ्यांचं ऑपरेशन नेमकं तेव्हाच. चार जणांचे कोट घेतले आणि स्नोपँट पुढच्या पगाराला ढकलली. मी काउन्सेलरच्या खोलीत गेले नाही, लाज वाटली. आमच्या घरात कुणी कुणापुढं हात पसरलेला नाही असं आम्हाला लहानपणापासून ऐकवलेलं असतं ना, ते असं परदेशात पण मागं येतं. मग एक दिवस थोरली घरी आली तर अंगात काळी स्नोपँट, दोन्ही गुडघ्यांना रिफ्लेक्टरची पट्टी. म्हणाली प्रिन्सिपलनी दिली, त्यांच्याकडं एक जास्तीची होती आणि ठेवायला जागा नव्हती. जागा नव्हती! एवढी मोठी शाळा तुमची. मला तेव्हाच कळलं होतं, मॅडम. पण मी काही बोलले नाही आणि तुम्ही पण नाही.

मग जानेवारी. एका सोमवारी सकाळी शाळा दोन तास उशिरा होती, तुमचा मेल पहाटे ५.१० ला आलेला आणि माझा फोन सायलेंटवर. लेकीला ७.२० ला बस स्टॉपवर सोडून मी घरी चहा टाकला. पंचवीस मिनिटांनी तीच चालत परत आली, पापण्यांवर पांढरे कण, ओठ हलत नव्हते. चूक माझीच. मी रडत रडत तुम्हाला मेल केला, स्पेलिंगच्या किती चुका होत्या देव जाणे. तुम्ही अर्ध्या तासात उत्तर दिलंत की ती आता ठीक आहे ना, हात कोमट पाण्यात ठेवा, गरम पाण्यात नाही, चोळू नका. आणि पुढच्या शुक्रवारच्या मेलमध्ये, कुणाचंही नाव न घेता, शाळा उशिरा असण्याची बातमी पालकांना कुठून कुठून मिळते ते सगळं लिहिलंत, फोन कसा सेट करायचा की रात्री बाकी सगळं गप्प राहील पण शाळेचा कॉल वाजेल, ते सुद्धा. वर हे पण की निर्णय तुमचा नसतो, डिस्ट्रिक्टचे म्हणजे भागातल्या सगळ्या शाळा चालवणाऱ्या ऑफिसचे लोक पहाटे उठून रस्ते बघतात, वाऱ्यासकटचं तापमान बघतात, आणि डिझेलच्या बस चालू होतात का ते बघतात, कारण एवढ्या थंडीत डिझेल घट्ट होऊन बसतं. आमच्याकडं खोबरेल तेल गोठतं थंडीत, तसंच. हे कळल्यावर माझा राग गेला. तोवर मला वाटायचं ही माणसं ऐन वेळी का सांगतात.

आणि त्याच महिन्याच्या शेवटी तो पोलर व्हॉर्टेक्स, म्हणजे उत्तर ध्रुवाकडची गोठवणारी हवा खाली सरकते ते. ३० जानेवारी २०१९, मिनियापोलिसला उणे २८ फॅरनहाइट, म्हणजे आपले उणे ३३, आणि वारा धरला तर फॅरनहाइटमध्ये उणे ५० च्या पण खाली. पोस्टवाल्यांनी त्या दिवशी टपाल बंद ठेवलं होतं, आणि पाऊस असो बर्फ असो आमचं टपाल येणारच असा ज्यांचा लौकिक, ते! शाळा तीन दिवस बंद. सासूबाई सोलापुरातून फोन करून विचारत होत्या की घरात शेगडी आहे का. तुमचा त्या दिवसाचा मेल माझ्याकडं अजून आहे. त्यात घाबरवणारं काही नव्हतं, अशा वाऱ्यात उघडी कातडी दहा मिनिटांच्या आत गोठू शकते एवढं एका ओळीत, आणि मग लगेच, पोरांना सांगा की उकळतं पाणी हवेत फेकून व्हिडिओ काढू नका, दरवर्षी कुणीतरी भाजून घेतं. मी वळून बघितलं तर थोरलीनं पातेलं गॅसवर ठेवलेलं होतं. खरंच! तुम्हाला पोरं कळतात.

फेब्रुवारीत तर एकोणचाळीस इंच बर्फ पडला, आजवरचा सगळ्यात जास्त बर्फाचा फेब्रुवारी म्हणे. तोवर तुमच्या मेलचा सूर पण थकलेला वाटायला लागला होता, एकात तुम्ही लिहिलं होतं की आज सकाळी मी माझी गाडी शोधत होते आणि शेजाऱ्याची उकरून काढली. हे वाचून यांनी पहिल्यांदा म्हटलं, ही बाई आपल्यातली आहे.

एक गंमत सांगते जी तुम्हाला कधी सांगितली नाही. शाळेच्या अ‍ॅपमध्ये भाषा निवडता येते ना, सासूबाई आल्या तेव्हा आम्ही त्यांच्यासाठी मराठी लावून दिलं. बाहेर थंडी आहे, मुलांना नीट गुंडाळून पाठवा असं तुम्ही इंग्लिशमध्ये 'बंडल अप' म्हणून लिहिलेलं, त्याचं मशीननं केलं 'कृपया आपल्या मुलांचे गठ्ठे बांधा'. सासूबाई चष्मा वर करून म्हणाल्या, अगं ही काय शाळा आहे का चादरीचा कारखाना? तेव्हापासून आमच्या घरी थंडीत बाहेर पडताना कुणी स्वेटर घाल म्हणत नाही. गठ्ठा बांध, म्हणतात. आणि पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म जानेवारीत आला, बँड की ऑर्केस्ट्रा की कॉयर, थोरलीनं क्लॅरिनेट घेतली, तर यांचं म्हणणं की आता आपल्या वरातीचा खर्च वाचला. (वाद्य विकत घ्यायची गरज नाही, शाळेकडं आहेत, विचारा, हे पण तुमच्या मेलमध्येच होतं.)

कोविडच्या हिवाळ्याबद्दल जास्त लिहीत नाही. थोरलीची आठवी लॅपटॉपसमोर गेली, फेब्रुवारी २०२१ च्या शेवटी शेवटी कुठं मिडल स्कूलला, म्हणजे सहावी ते आठवीच्या शाळांना, परत उघडायची परवानगी मिळाली. त्या काळातल्या तुमच्या मेलमध्ये एक गोष्ट मला फार बरी वाटायची, तुम्हाला माहीत नसलं तर तुम्ही सरळ लिहायचात की मला माहीत नाही, कळलं की सांगते. आणि सांगायचात.

आता माझी चूक नंबर दोन. जानेवारी २०२३, धाकटा सहावीला, संक्रांत शनिवार-रविवारच्या आसपास आलेली, आणि मी वर्गासाठी तीळ, गूळ, दाण्याचा कूट घालून साठ लाडू वळले. शुक्रवारी तुमचा मेल. बाहेरचं खाणं फक्त बंद पाकिटातलं, लेबल असलेलं. शेंगदाणे चालत नाहीत ते मला माहीत होतं, म्हटलं कूट काढून परत करू, पण त्यात नवीन ओळ होती की १ जानेवारीपासून तीळ पण. दूध, अंडी, मासे, कवचवाले मासे, सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोया हे अ‍ॅलर्जीचे आठ पदार्थ कायद्यात होते, आता नववे तीळ. मी भडकलेच. म्हणजे जगात खायला हजार वस्तू आणि यांना नेमके तीळच सापडले, ते पण संक्रांतीच्या पंधरा दिवस आधी! तुम्हाला मी जो मेल लिहिला तो मी आत्ता परत वाचला आणि मला कानकोंडं झालं. 'आमच्या सणाचा अपमान' असे शब्द आहेत त्यात.

तुम्ही मेलला मेल नाही केलात, फोन केलात. आधी विचारलंत की संक्रांत म्हणजे काय, आणि मी सांगत बसले, तीळ थंडीत का खातात, काळी साडी का नेसतात, सुगडं, हळदीकुंकू, सगळं, तुम्ही वीस मिनिटं ऐकत होतात. मग म्हणालात की याच शाळेत एक पोरगं आहे ज्याला तिळाचा एक दाणा पोटात गेला तर अ‍ॅम्ब्युलन्स लागते, आणि त्याची आई पण मला अशीच फोन करते. मग मी काय बोलणार? पुढच्या शुक्रवारी तुमच्या मेलच्या शेवटी इंग्रजी अक्षरांत 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला' असं होतं, स्पेलिंग असं की मी दोनदा वाचलं तेव्हा कळलं. खाली अर्थ, आणि त्याखाली तुमची ओळ की हे वाक्य फ्रेम करून पालक-शिक्षक मीटिंगच्या खोलीत लावायला हवं. साठ लाडू आम्ही पंधरा दिवस खाल्ले.

तुमच्या मेलमध्ये मला न आवडलेलं पण आहे, उगाच कशाला लपवू. फार लांब असायचे. पिवळ्या बॅकग्राउंडवर पांढरी अक्षरं, कुणाला दिसणार? आणि हाफ पँट घालून बर्फात येणाऱ्या आठवीच्या पोरांना तुम्ही फार सूट दिलीत. धाकटा उणे दहामध्ये हाफ पँट घालून गेलाय आणि मला सांगतो, आई, सगळेच घालतात.

हरवलेल्या वस्तूंच्या टेबलाचा फोटो तुम्ही दर महिन्याला टाकायचात. फेब्रुवारी २०१९ च्या फोटोत एका कोपऱ्यात, हिरव्या पाण्याच्या बाटलीच्या शेजारी, मरून रंगाची कानटोपी होती, वर पिवळा गोंडा, हनुवटीखाली बांधायच्या दोऱ्या. ती सासूबाईंनी विणलेली. मी ओळखली लगेच. थोरलीला म्हटलं घेऊन ये, तर म्हणाली माझी नाहीये. बारा वर्षांची होती, सगळ्यांच्या डोक्यावर बीनी, म्हणजे ती साधी घट्ट लोकरी टोपी, आणि हिच्या डोक्यावर आजीची कानटोपी, मला समजलं, मी पण मग हट्ट केला नाही. सासूबाईंना सांगितलं की रोज घालते.

परवा धाकट्याच्या शेवटच्या दिवशी तुमच्या ऑफिसात सही करायला आले होते. तुमच्या दाराच्या मागच्या खुंटीवर तुमचा कोट नव्हता, जून आहे, पण कानटोपी होती. तीच. गोंडा जरा विस्कटलाय. सेक्रेटरी म्हणाल्या, सकाळी बस ड्यूटीला मॅडम हीच घालून उभ्या असायच्या, कुणी न्यायलाच आलं नाही म्हणून.

आता न्यायला कुणी येणार नाही. सासूबाईंना फोटो पाठवलाय, त्या म्हणाल्या गोंडा सैल झालाय, पुढच्या वेळी येईन तेव्हा नीट करून देते त्यांना.

तुमची,
थोरली आणि धाकट्याची आई