पंखा बंद करून ऐकणाऱ्या मास्तरांना

आदरणीय मास्तर,

सविनय नमस्कार.

हे पत्र तुम्हाला वाचून दाखवायला मी तुमच्या नातीला सांगितले आहे. आपल्या दोन घरांमध्ये एक भिंत आणि गच्चीचा एक कठडा एवढेच अंतर आहे, तेव्हा हे सारे समोर बसूनही सांगता आले असते. पण समोर बसले की तुम्ही ‘असू द्या की ओ’ म्हणून चहा मागवता आणि माझे बोलणे राहून जाते. शिवाय मला जे म्हणायचे आहे ते चार लोकांदेखत म्हणायचे आहे, म्हणून हे उघडे पत्र.

मृगाच्या दोन सरी पडून गेल्या आणि परवा रात्री माझ्या कादंबरीचा दुसरा भाग लिहून पूर्ण झाला. उन्हाळाभर काय लिहिले, काय वाचले, काय पाहिले, असे ओळखीचे वाचक विचारतात. त्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तुमच्या पत्र्याच्या खोलीत आहेत.

मार्चअखेर मी लिहिणे सोडण्याच्या बेतात होते, हे तुम्हाला मी कधी सांगितले नाही. एका प्रकाशन संस्थेने माझे हस्तलिखित चौदा महिने ठेवून घेतले आणि ‘आमच्या वाचकाला हे रुचणार नाही’ अशा दोन ओळींसह परत पाठवले. गठ्ठ्याला बांधलेली सुतळी आणि तिची मी स्वतः मारलेली गाठ जशीच्या तशी होती. त्यांनी नकार दिला याचे मला वाईट वाटले नाही, पण गाठ न सोडता नकार दिला हे मी अजून विसरू शकलेले नाही. त्याआधी एका लेखन शिबिरात एका ज्येष्ठांनी सर्वांसमोर सांगितले होते की, सोलापूरच्या लेखिकेने दुष्काळ लिहावा, कामगारांचे हाल लिहावेत, मायावी नगऱ्या आणि राक्षस हे मराठी माणसाचे काम नाही. ज्या गावात दर जानेवारीत सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघतात, ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांशी लग्न करू इच्छिणाऱ्या कुंभारकन्येसाठी त्यांच्या योगदंडाशी अक्षता सोहळा होतो, आणि तो पाहायला लाखो माणसे उन्हात उभी राहतात, त्या गावाला अद्भुताशी तुमचे काही नाते नाही असे सांगायचे, याला काय म्हणावे? दुष्काळ मी पाहिला आहे, आणि तो माझ्या कादंबरीत आहेही. त्यात एक नदी रुसून जमिनीखाली निघून जाते. पण त्यासाठी ती वाचावी लागते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सगळी गल्ली गच्चीवर झोपते त्या दिवसांत, मी लिहिलेली पाने सवयीप्रमाणे स्वतःशीच मोठ्याने वाचत होते. सकाळी नळाला पाणी आले म्हणून घागर घेऊन बाहेर आले तर तुम्ही दारात उभे होतात. तुम्ही विचारलेत, “त्या पोरीचं पुढं काय झालं ओ, पुलावर उभी होती ती?” चौदा महिन्यांत मला कोणी विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

त्याच दुपारी मी वही घेऊन तुमच्याकडे आले. वर पत्रे, बाहेर त्रेचाळीस अंशांचे ऊन, आणि खोलीत तो एकच टेबलफॅन, ज्याची जाळी तुम्ही सुताने आवळून बांधली आहे. मी वाचायला लागले. पहिले पान संपायच्या आत तुम्ही भिंत चाचपत उठलात, बटणापर्यंत गेलात आणि पंखा बंद केलात. मला वाटले, वीज वाचवताय. तुम्ही जागेवर येऊन बसलात आणि म्हणालात, “त्याच्या घरघरीत तुमचे शब्द खाल्ले जातात. आता वाचा.”

मास्तर, दोन तास तुम्ही तसे बसलात. खांद्यावरच्या पंच्याने एकदा कपाळ पुसलेत, तेवढेच. दृष्टी गेलेल्या माणसाला आवाज हेच सारे असते हे मला कळते, पण तुमचे वय पंच्याहत्तरीपुढचे, आणि सोलापूरचा एप्रिल काय असतो हे सोलापूरकराला सांगायला नको. माझ्या वहीच्या सदतिसाव्या पानावर घामाचा थेंब पडून ‘पूल’ हा शब्द फुटला आहे. ते पान मी पुन्हा लिहून काढलेले नाही आणि काढणारही नाही. नंतर तुम्ही मला पुष्कळ काही दिलेत, परंतु मला विचाराल तर तुम्ही बटण दाबून बंद केलेला तो पंखा सर्वांत मोठा होता. माझे म्हणणे नीट ऐकू यावे म्हणून कोणी स्वतःचा वारा बंद केल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही.

वाचनाचे म्हणाल तर या उन्हाळ्यात मी ‘कथासरित्सागर’ हा जुना कथासंग्रह पुन्हा हाती घेतला, आणि त्यातली गुणाढ्य कवीची गोष्ट तुम्हाला वाचून दाखवली. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहन राजाने त्याची सात लाख श्लोकांची कथा ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेत आहे म्हणून धुडकावली, तेव्हा गुणाढ्याने रानात अग्नी पेटवला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकले, आणि हरणे चरायचे विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. राजाला उशिरा जाग आली तेव्हा एक लाख श्लोक तेवढे उरले होते. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात संस्कृतात आणले ते त्या उरलेल्या कथेचे सार. मी थांबले तेव्हा तुम्ही एवढेच म्हणालात, “म्हणजे जनावरं उपाशी बसली, पण उठली नाहीत.” त्यानंतर बराच वेळ आपण दोघेही काही बोललो नाही.

आणि पाहण्याचे म्हणाल तर मी १९५७ चा तेलुगू चित्रपट ‘मायाबाजार’ पाहिला, तुमच्या नातीच्या मोबाइलवर, तुमच्या शेजारी बसून. मला तेलुगू येत नाही आणि तुम्हाला पडदा दिसत नाही, तरी आपण तो पाहिला. एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच लग्नाच्या पंगतीवर ताव मारायला बसण्याआधीच तुम्ही सांगत होतात, “आता लाडू उडून तोंडात जाणार बघा.” मार्कस बार्टली यांच्या कॅमेऱ्याने निर्माण केलेले ते नौकाविहारातले चांदणे आले तेव्हा तुम्ही हळूच विचारलेत, “पडलं का चांदणं?” मी ‘पडलं’ म्हणाले. त्या राक्षसांच्या भाषेत कंबळीला, म्हणजे घोंगडीला, जोडून ‘गिंबळी’ येते, तेव्हा तुम्ही लहान मुलासारखे हसलात, आणि मग एकदम गंभीर होऊन मला विचारलेत, “बाई, तुमच्या त्या राज्यात माणसं पांघरतात काय ओ? आणि ते विणतं कोण?”

माझ्या राज्यात सहा किल्ले होते, दोन सेना होत्या, एक बोलणारी विहीर होती आणि एकही विणकर नव्हता. यंत्रमागांच्या खटखटीत लहानाची मोठी झालेली मी, चादरींच्या गावात बसून पांघरुणाविना एक अख्खे राज्य लिहीत होते. त्या रात्री मी झोपले नाही. पुलावरच्या त्या मुलीचा बाप विणकर झाला आणि रुसलेली नदी परत का येते याचे कारण मला सापडले. ते कारण इथे सांगत नाही, वाचकांसाठी राखून ठेवते.

अकराव्या प्रकरणाचेही ऋण तुमचेच. ते ऐकून तुम्ही म्हणालात, “हे कार्ड चुकीच्या जागी ओवलंय.” मग तुम्ही मला जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राचे, काम समजावलेत. ग्राफवरचे चित्र पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके पाडून उतरते, भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, बाण्याच्या, म्हणजे आडव्या, प्रत्येक धाग्याला आपले एक कार्ड असते, आणि सगळी कार्डे दोरीने एका माळेत ओवलेली असतात. त्यातले एक जरी मागेपुढे झाले तरी चादर विणली जातेच, माग काही थांबत नाही, फक्त प्रत्येक मोराची मान त्याच ठिकाणी मोडलेली निघते. उभे आयुष्य अशी कार्डे पाडण्यात घालवलेल्या तुमच्या बोटांनी हवेत ती माळ उलगडून दाखवली. मी ते प्रकरण बापाच्या मृत्यूनंतर नेले आणि मान सरळ झाली.

तुम्ही साहित्यावर कधी भाषण केले नाही, आणि माझ्याकडून एका कप चहाखेरीज काही घेतलेही नाही. वाचनालयात पुस्तक संपेपर्यंत मुदत वाढवून देणारे, गल्लीत कोणी आजारी असेल तर दुपारी माग बंद ठेवणारे, अशी तुमच्या जातकुळीची माणसे या शहरात अजून आहेत. त्यांची नावे कुठल्याही पत्रिकेवर छापली जात नाहीत, आणि ज्यांची छापली जातात त्यांना सुतळीची एक गाठ सोडवत नाही, हे मला राहवत नाही म्हणून लिहिले.

गुरुवारी दुपारी तिसऱ्या भागाचे पहिले प्रकरण घेऊन येते. पाऊस असेल तर पत्र्यांवर आवाज होईल, पण चिंता करू नका, मी मोठ्याने वाचीन. पंखा मात्र चालू ठेवा.

आपली,
पलीकडच्या गच्चीवरची