डावी की उजवी?

सातारा
नारळी पौर्णिमा

प्रिय अनंता,
स. न. वि. वि.

लेकीकडे शिकागोला निघालास, तेही सप्टेंबरअखेरीस! म्हणजे यंदा कासची फुलं आम्ही तुझ्याशिवाय बघायची. असो. ‘खिडकी डावी घेऊ की उजवी?’ एवढंच विचारलंस, पण उत्तर मेसेजात मावेना, म्हणून हे पत्र.

सकाळी पुण्याची एसटी पकडताना आपण सावली धरून डावीकडे बसायचो, तोच हिशोब इथे लाव. उन्हाच्या बाजूची काच नुसती चकाकते, तिच्यावरचे ओरखडे तेवढे दिसतात. लंडन-शिकागो विमान तुझं दिवसाचं आहे. ते वायव्येला निघून मग पश्चिमेकडे वळतं, सूर्य दक्षिणेला. म्हणजे ऊन डावीकडे. तू उजवी घे.

आणि खरं कारण पुढेच आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्रासाठी, म्हणजे त्या गोल इंद्रधनुष्यासाठी, आपण किती ताटकळलो होतो, आठवतंय? १८३५ साली कर्नल साइक्सला दिसलं, आपल्याला नुसतं धुकं. ते दिसायला सूर्य पाठीशी आणि समोर ढग लागतो. विमानाच्या सावलीच्या बाजूला नेमकं तेच जुळतं. खाली ढगांचा थर असला की त्यावर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती रंगीत कडी. विमान फार उंच असलं तर सावली विरून जाते, कडी मात्र राहतात. उन्हाच्या बाजूला बसणाऱ्याला हे जन्मात दिसायचं नाही.

उजवीकडेच ग्रीनलंडही. पण त्याची खात्री देत नाही. अटलांटिकवरचे मार्ग वाऱ्याप्रमाणे रोज बदलतात, शिवाय ढग आहेतच. दिसलंच तर बर्फातून वर आलेले काळे सुळके आणि समुद्रात तरंगणारे हिमनग बघ. दुपार संपता संपत नाही, याचंही नवल वाटून घेऊ नकोस. साठ अंश अक्षांशावर पृथ्वी ताशी सुमारे ८३० किलोमीटरने फिरते, विमानाचा वेग त्याच्याच आसपास. सूर्य जागचा हलत नाही म्हण ना!

मुंबई-लंडनलाही उजवीच. हीथ्रोवर विमानं बहुतेक वेळा पूर्वेकडून उतरतात, तेव्हा थेम्स आणि अख्खं मध्य लंडन उजव्या खिडकीत येतं. वारा उलटा असला तर नशीब.

आता रांग. पंखावरची नको, खाली नुसता पत्रा दिसेल. (धक्के तिथे कमी बसतात, वहिनींना तेच हवं असेल तर तुमचं तुम्ही बघा.) पंखाच्या लगेच मागेही नको, इंजिनाच्या गरम हवेने दृश्य थरथरतं. पंखाच्या पुढची मिळाली तर जादा पैसे लागले तरी दे; इतरत्र तू कमी उडवतोस का? मोठ्या विमानांत डावी खिडकी ए आणि उजवी बहुधा के असते. मात्र काही रांगांत खिडकीच्या सीटला खिडकीच नसते, समोर कोरी भिंत! सीटचा नकाशा बघितल्याशिवाय पैसे भरू नकोस. आणि विमान बोइंग ७८७ असेल तर तिथे पडदा नाही, बटणाने काच गडद होते आणि ती सगळ्यांची एकदम गडद करणं कर्मचाऱ्यांच्या हातात असतं. तेव्हा गोड बोल.

परतीचं विमान रात्रीचं, पूर्वेकडे तोंड करून. आता उत्तर दिशा डावीकडे आली, म्हणून डावी. ध्रुवीय प्रकाश (ऑरोरा) दिसला तर तिकडेच. ब्लँकेट डोक्यावरून घेऊन काचेला नाक लाव, आतला उजेड अडला पाहिजे. डोळ्यांना राखाडी पट्टा वाटला तरी मोबाइलने फोटो काढ, त्यात हिरवा उमटतो. लोक हसतील, हसू देत.

रात्री दोनदा उठायची तुझी सवय मला ठाऊक आहे. म्हणून वहिनींना मधली सीट दे, परक्याला उठवण्यापेक्षा त्यांच्या शिव्या परवडल्या. विमान कुठलं आहे ते तिकिटावर बघून लगेच कळव, चांगल्या जागा आधी जातात. लेकीसाठी कंदी पेढे देतो, निघण्याआधी सांगलीहून एक चक्कर मार.

तुझा,
विलास