पाळकीणबाई, वही मिळाली आणि माझा वाढदिवसही

बाई, सलाम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि समोर बसलो की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून हे उघडच लिहितोय, नात वाचून दाखवेल तुम्हाला. आभार मानायला घरी आलो असतो तर तुम्ही म्हणाला असता "आधी जेव", आणि मग ते राहूनच गेलं असतं, इतकी वर्षं राहिलंय तसं.

गावच्या चर्चचे धर्मगुरू, तुमचे पाळकसाहेब, त्यांची ती लांब वही तुम्ही महिनाभरासाठी माझ्याकडे दिलीत त्याबद्दल आधी थँक्यू. मंडळीचं, म्हणजे चर्चचं, रजिस्टर वेगळं, बाप्तिस्मे, लग्नं, दफन, ते चर्चच्या कपाटात असतं हे मला माहीत होतं. पण ही त्यांची स्वतःची, जमाखर्चाची, लाल कापडी पुठ्ठ्याची, आणि हिच्यात अख्खं गाव आहे हो. कोणाकडे पोर झालं, कोण गेलं, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, देव-धर्म-जात काही न बघता एका ओळीत एक, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या दिवशीचं हवामान. ऊन, ढग, गार वारा. हे कशासाठी लिहायचे कोणास ठाऊक, कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस, आभाळाकडे बघितल्याशिवाय त्यांचा दिवस पुरा होत नसणार.

माझी ओळ सापडली. "१८ ऑगस्ट १९७७, गुरुवार. पहाटे मुलगा. बाळंतीण सुखरूप. पाऊस."

बाई, मी आजपर्यंत १ जून १९७६ चा आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्या वर्गालाच १ जून लावून दिला होता, आमच्या पिढीचे निम्मे लोक १ जूनलाच जन्मलेत असं वाटावं. नोकरीत त्यामुळे सव्वा वर्ष आधी रिटायर होणार मी, ते आता काही बदलत नाही. पण माझ्या जन्माच्या दिवशी पाऊस पडत होता हे कळलं ना, तेव्हा ऑफिसच्या गाडीत बसून रडलो, ड्रायव्हरला सांगितलं डोळ्यात काहीतरी गेलं.

मग मागची पानं चाळत गेलो. साहेब १९७१ ला गावात आले आणि लगेच १९७२ चा दुष्काळ. त्या सालातल्या पानांवर हवामानाच्या जागी नुसती एक आडवी रेघ आहे, खाली रेघ, त्याच्या खाली रेघ, पानंच्या पानं. मला दुष्काळात मिळणाऱ्या सुकडी आणि मिलो ज्वारीच्या गोष्टी आईने सांगितल्या होत्या, दुष्काळी कामावर खडी फोडायला सगळं गाव जायचं आणि साहेब रविवारची उपासना तिथंच खडीच्या ढिगाऱ्याला टेकून घ्यायचे म्हणे, पण त्या रेघा बघून जे कळलं ते गोष्टी ऐकून नव्हतं कळलं.

आता मुद्द्याचं. १९८५ ते ८९, चार हंगाम मी तुमच्या घरी राहिलो. आईबापाचा कोयता, म्हणजे ती दोघं जोडीने, दिवाळी झाली की साखर कारखान्यावर ऊस तोडायला जायचा, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असायची, ती फिटेपर्यंत सुटका नाही, पट्टा पडला, हंगाम संपला, की उन्हाळ्यात परत. माझ्याबरोबरची पोरं बैलगाडीत बसून कोपीवर, तोडणीवाल्यांच्या झोपडीवर, गेली आणि त्यांची शाळा तिथेच संपली. माझी संपली नाही कारण तुम्ही एका संध्याकाळी आमच्या दारात येऊन आईला म्हणालात, "चार पोरांत पाचवं, एक ताट वाढलं." मला ते वाक्य आठवतंय आणि आईच्या हातातला अर्धा बांधलेला बोचका आठवतोय, तिने तो सोडला आणि माझे दोन सदरे बाहेर काढले. ताट वाढलं म्हणजे काय ते मला स्वतःची दोन पोरं शिकवताना कळलं. गावच्या पाळकाचा पगार तो केवढा, मंडळीचं दानार्पण येणार ते अर्धं ज्वारीच्या आणि अंड्यांच्या रूपात.

चुलते भांडायला आले होते तो दिवस तुम्ही विसरला नसाल. ओट्यावर उभे राहून मोठ्याने, पोराला बाटवलं, पोराला बाटवलं. मी आत कणगीमागे. मला वाटलं साहेब म्हणतील छे छे, आमचा तसा काही विचार नाही. पण त्यांना खोटं बोलता यायचं नाही हा त्यांचा मोठा प्रॉब्लेम होता. ते म्हणाले, "पाटील, खरं सांगतो, या पोराला येशू कळावा असं मला मनापासून वाटतं, मला तर सगळ्या जगाबद्दलच तसं वाटतं. पण त्याचे आईबाप तिकडे ऊस तोडतायत तोवर तो माझ्याकडे ठेव आहे. ठेवीला हात लावत नसतात." चुलत्यांना काय बोलावं सुचेना. तुम्ही आतून पाण्याचा तांब्या आणलात आणि ते प्याले, तुमच्या घरचं पाणी, आमच्या घरातलं पहिलं माणूस ते. मी त्या आधी वर्षभर पीत होतो म्हणा, पण माझी गणती कोण करतो.

आणि खरंच नाही लावला हात. आज मी ख्रिस्ती नाही, देवळात जातो, वारीला दोनदा जाऊन आलो, आणि तरी रात्री झोपताना जे काही पुटपुटतो त्याची चाल तुमच्या घरची आहे. संध्याकाळची प्रार्थना आठवतेय ना, कंदिलाभोवती आपण सगळे, भूक लागलेली, भाकरीचा वास येतोय आणि साहेब संपवायलाच तयार नाहीत. नाव घेऊन घेऊन मागायचे. अमक्याचा खोकला, तमकीची सोयरीक, आणि मग माझे आईबाप, कोपीला आग लागू नये, आईचा कोयता पायावर बसू नये, आणि "आमच्या सर्जाच्या खांद्याला आवाळू आलंय ते बरं होवो." आमच्या बैलासाठी! गावाकडे आलेल्या पोस्टकार्डात वडिलांनी कोणाकडून तरी ते लिहून पाठवलं होतं, तेवढं साहेबांनी लक्षात ठेवलं. देवाला बैलाचं नाव सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बायबलशेजारी तुकोबांचा गाथा असायचा त्यांच्या. कोणी भुवया उंचावल्या की नारायण वामन टिळकांचं सांगायचे, आपल्याच जिल्ह्यात राहुरीला राहिलेला माणूस, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि तुकोबांचं बोट धरूनच ख्रिस्तापर्यंत पोचलो असं मानायचा, तर मी गाथा कशाला लपवू. पेटी वाजवायचे तेही कीर्तनकारासारखे, मान हलवत. १९७० मध्ये नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्याआधी १८३१ पासून नगरला अमेरिकन मराठी मिशन, हा इतिहास ते एका वाक्यात संपवायचे, "बोर्डाला रंग नवा, गळकं छप्पर तेच." छप्पर खरंच गळायचं, वेदीपाशी घमेलं ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. गावातल्या पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म साहेब भरायचे, सायकलवर तालुक्याला जाऊन दाखले आणायचे, माझाही त्यांनीच आणला. आणि तुमच्या थोरल्या लेकीला, ताईला, काही नाही. १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, १९५६ ला शीख आले त्यात, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच. गावाने तुम्हाला गावात तर घेतलं नाही कधी, गावकुसाबाहेरच राहिलात तुम्ही, पण कागदावर तुमची जात संपलेली. ताईच्या फीसाठी तुम्ही दोन शेळ्या विकल्या, मी त्याच आठवड्यात माझ्या स्कॉलरशिपच्या पैशातून बूट घेतले आणि तुम्हाला दाखवायला आलो. तुम्ही म्हणालात छान आहेत. बाई, सॉरी. हे तोंडावर कधीच म्हणता आलं नसतं.

लोक साहेबांचीच आठवण काढतात, काढावीच, पण पाचवं ताट त्यांनी नाही वाढलं. ते तर बऱ्याचदा घरीच नसायचे, चार गावं, एक सायकल. ज्वारी दळायची, पोरांच्या डोक्यातल्या उवा काढायच्या, चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत गाणी शिकवायची आणि रात्री त्यांच्या वहीसाठी पेनात शाई भरून ठेवायची, हे सगळं कोण करायचं ते मी बघितलंय.

शेवटचं पान बघितलं मी. त्यांच्या नोंदीची ओळ तुमच्या अक्षरात आहे, त्यांच्याच पद्धतीने, तारीख, वार, "सकाळी साहेब गेले." आणि पुढे "ऊन. वारा नाही."

वहीच्या प्रत्येक पानाचे फोटो काढून ठेवलेत, कडेला थोडी वाळवी लागलीय म्हणून पुठ्ठ्याला नवं कापड लावून घेतलं, लालच. पुढच्या रविवारी उपासनेच्या आधी घेऊन येतो. आणि हो, जेवूनच जाणार आहे.

तुमचा,
पाचवा