आधी उजेड, मग लेन्स

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि बागेतल्या किड्यांचे फोटो मिळाले. हात हलतो म्हणून ते अस्पष्ट येतात, असं तुला वाटतंय. मॅक्रो लेन्स घेतलीस ते बरंच झालं, पण आता लगेच तिपाईच्या (ट्रायपॉडच्या) मागे लागू नकोस. तिचे पाय फुलझाडांत रोवून होईपर्यंत किडा पुढच्या फांदीवर गेलेला असतो. हात तर सगळ्यांचेच हलतात. तुझं खरं दुखणं उजेडाचं आहे.

हिशेबच बघ. १:१ वर एक सेंटिमीटरचा किडा सेन्सरवरही, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरही, एक सेंटिमीटरचाच पडतो. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एफ/८ ला फोकसमध्ये येणारी जाडी तेव्हा जेमतेम १ मिलिमीटर असते. एफचा आकडा वाढतो तसं लेन्सचं भोक बारीक होतं आणि ही जाडी वाढते. माशीचे डोळे आले की पंख गेलेच म्हणून समज. ते सावरायला तू एफ/२२ पर्यंत गेलास आणि फोटो उलट आणखी मऊ आला. यात लेन्सचा दोष नाही. १:१ ला एफ/२२ हे जवळपास एफ/४४ सारखं वागतं, आणि एवढ्या बारीक भोकातून येताना प्रकाश पसरतो. सोंडेवरचे केस, डोळ्यांतली जाळी, सगळं त्यात पुसलं जातं. मी एफ/११ च्या पुढे सहसा जात नाही. शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० आणि बाकीचं काम फ्लॅशवर सोडून देतो. फ्लॅश १/१६ किंवा १/३२ ताकदीवर ठेवला की त्याचा झोत इतका क्षणभर असतो, की हाताची थरथर फोटोत उतरतच नाही. तिपाईची गरज तिथेच संपते.

पण नुसता फ्लॅश लावलास तर ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) पाठीवर पांढरा जळका डाग पडेल, कारण त्याची पाठ आरशासारखीच वागते. समोर डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारा पडदा हवा. विकतचाच हवा असं काही नाही, वस्तूंभोवती गुंडाळून येतो तो पातळ पांढरा फोम किंवा ट्रेसिंग पेपरचे दोन थर पुरतात. किड्याच्या जागेवरून पाहिलं तर उजेडाचा तुकडा केवढा दिसेल, एवढंच बघायचं. तो जितका मोठा आणि जवळ, तितकी सावली मऊ. जमलं की नाही ते फोटोच सांगतो. उड्या मारणाऱ्या कोळ्याचा समोरचा मोठा डोळा झूम करून बघ, त्यात तुझ्याच डिफ्यूझरचा आकार उमटलेला असतो. कडा हळूहळू विरत गेल्या असतील तर जमलं. कडक पांढरा चौकोन दिसला तर आणखी एक थर लाव.

ऑटोफोकस बंद कर. किती मोठं हवं ते आधी ठरव, फोकसची रिंग तिथेच राहू दे आणि स्वतः केसभर पुढेमागे हो. डाव्या हाताच्या बोटांत फांदी धरायची आणि त्याच मुठीवर लेन्स टेकवायची. मग वाऱ्याने फांदी हलली तरी कॅमेरा तिच्याबरोबर हलतो. ही युक्ती मला सगळ्या सामानापेक्षा मोलाची वाटते.

आता प्रार्थनाकीटकाचा फोटो. 'डोळ्यातला काळा ठिपका सतत माझ्याकडेच बघतो' असं तू लिहिलंस. बघतो तसा भास होतो खरा, पण ती बाहुली नव्हे. त्याचा डोळा असंख्य बारीक नळ्यांचा बनलेला असतो. ज्या नळ्या नेमक्या तुझ्या दिशेला असतात, त्यांत शिरलेला प्रकाश परत येत नाही, म्हणून तेवढाच भाग काळा दिसतो. तू डावीकडे सरकलास की ठिपकाही सरकतो. उड्या मारणाऱ्या कोळ्याचं मात्र वेगळं. त्याच्या डोळ्याची भिंगं जागची हलत नाहीत, आतल्या नळीच्या टोकाचा पडदा हलतो. फिकट रंगाचा कोळी मिळाला तर डोळ्याचा रंग गडद-फिका होताना चक्क दिसतो. गडद झाला की समज, तो तुझ्याकडेच बघतोय. त्या क्षणी बटण दाब. हा प्राणी पळण्याआधी वळून बघतोच. लेन्सवर उडी मारून बसण्याइतका धीटही असतो.

आणि हो, गुलाबावर मावा पडलाय म्हणून फवारणी करणार आहेस ना? थोडे दिवस थांब, विनंती आहे. सगळी बाग पालथी घालण्यापेक्षा त्या एका फांदीपाशी बस. माव्याच्या अंगातून गोड रस येतो, त्यासाठी मुंग्या तिथे येरझाऱ्या घालत असतात. मुंगी मिशांनी माव्याला थोपटते आणि त्याच्या मागच्या टोकाला थेंब येतो, तो टिपायला मिळाला तर मला आधी पाठव. मादी नराशिवाय थेट पिल्लंच घालते, तेही तिथेच दिसेल. मग मावा खाणारी गिऱ्हाइकं जमतात. ढालकिड्याची अळी काळपट, काटेरी, मगरीच्या घाटाची असते. सिरफिड माशीची अळी आंधळी आणि पाय नसलेली असते, तरी चाचपडत एकेक मावा शोषून टाकते. त्यांच्यातच काही मावे फुगून तपकिरी, कागदासारखे झालेले दिसतील. त्यांच्या पोटात इवल्याशा परोपजीवी गांधीलमाशीने अंडं घातलेलं असतं. आतली अळी मावा पोखरून वाढते आणि शेवटी माशी पाठीला गोल भोक पाडून बाहेर पडते. कधी कधी कापलेलं झाकण अजून कडेला लटकत असतं. असा एक फोटो मला फुलावरच्या दहा फुलपाखरांपेक्षा प्यारा. तू फवारलंस तर माव्याबरोबर हे मित्रकीटकही मरतील आणि मावा त्यांच्याआधी परत येईल.

वेळ पहाटेची धर. किडे स्वतःच्या अंगाची ऊब राखत नाहीत, त्यामुळे ऊन पडेपर्यंत सुस्तावलेले असतात. काही एकांड्या मधमाश्या तर रात्रभर काडीला जबड्याने घट्ट चावून लोंबकळत झोपतात. त्यांच्याजवळ जाताना श्वास जरा बाजूला सोड, उच्छ्वासाने त्या जाग्या होतात. किडे फ्रिजमध्ये ठेवून गारठवणारे लोक आहेत, हे तुझ्या कानावर येईलच. मला ते पटत नाही. गारठलेला किडा पाय पोटाशी घेतो, मिशा पाडतो आणि फोटोत तसाच मेल्यागत दिसतो.

स्टॅकिंगबद्दल विचारलंस. फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो काढायचे आणि जोडायचे. झोपलेल्या मधमाशीवर छान जमतं, चालत्या मुंगीवर डोकं फिरतं. आधी एकाच फोटोत काम साधायला शीक. किडा आडवा असेल तर सेन्सर त्याच्या अंगाला समांतर धर, त्या एका मिलिमीटरात बराचसा किडा मावतो. आणि दर वेळी १:१ ला जाऊ नकोस. थोडं मागे राहिलास तर पान दिसतं, त्या पानावर तो काय करतोय ते कळतं.

तुझ्या त्या जास्वंदीवरच्या हिरव्या कोळ्याचं नाव मला एवढ्या फोटोवरून सांगता येणार नाही. पायांवरचे लांब काटे पाहून लिंक्स कोळी वाटतोय, पण डोळ्यांची मांडणी दिसली तर कुळाचं नक्की सांगता येईल. जात ठरवायला बऱ्याच कोळ्यांना सूक्ष्मदर्शकाखालीच घ्यावं लागतं, तेव्हा तिथवर जायचा हट्ट नको. सापडला तर पाठीवरून एक, अगदी समोरून एक आणि बाजूने एक असे फोटो काढ. क्रॉप न करता पाठव, आणि फवारणीचं काय ठरवलंस तेही लिही.

तुझा,
विनय